तिकडचं नेट आलं का, मॅडम?

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. आमच्या ऑफिसच्या कपाटात जुने मोडेम साठतात ना, तसे ते साठतात. 'राहू दे, नंतर बघू' म्हणून एकेक आत ठेवायचा, आणि एक दिवस कपाटाचं दारच लागेनासं होतं! माझं सध्या तसं झालंय. म्हणून थोडे बाहेर काढते.

मी रोह्यात एका छोट्या ब्रॉडबँड ऑफिसात तक्रारी घेते. ऑफिस चौघांचं. मालक विलासदादा, लाइनमन सलीम, मी, आणि पेणच्या शाखेत एकटाच बसणारा नंदू. तक्रार घेणं म्हणजे काय? फोन उचलायचा, 'नेट गेलं' हे ऐकायचं, नाव-पत्ता वहीत लिहायचा आणि सलीमला शिडी घेऊन पाठवायचं. वहीत तीन शब्द राहतात. बाकी माणूस जे जे बोलला ते सगळं माझ्याकडे राहतं!

हे सगळे किस्से आखातात लढाई लागली त्या चार आठवड्यांतले. आमच्याकडे कोणी म्हणालं, "पोरगा बाहेर आहे," तर तो अंगणात नसतो, आखातात असतो. हे इथे कोणाला सांगावं लागत नाही.

*

लढाईची बातमी आली त्या सकाळी मी ऑफिसचं कुलूप काढत होते आणि आत फोन वाजत होता. अकरा वाजेपर्यंत मी बसलेसुद्धा नाही. एकामागून एक तक्रार, आणि सगळ्या नदीपलीकडच्या, अष्टमीच्या. "नेट गेलं." "नेट बंद हाय." "मॅडम, सकालपासून कायच लागत नाय."

दादांना वाटलं, पुलावरची फायबर तुटली. त्यांनी येऊन मशीन बघितलं. सगळे दिवे हिरवे! तरी खात्री करायला सलीमला हलीमाचाचींकडे पाठवलं. हलीमाचाची म्हणजे आमच्या सगळ्यांत जुन्या ग्राहक. त्यांचा मुलगा इरफान तिकडे एका कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतो. नेट घेतलं तेच त्याला रोज बघायला.

सलीमनं स्पीड तपासला. म्हणाला, "चाची, नेट एकदम फुल आहे."

"फुल हाय तर इरफान का नाय लागत?"

"चाची, इकडचं चालू आहे. तिकडचं बंद पडलंय. त्या अख्ख्या देशाचं."

"मंग तिकडचा कोन बगतो?"

"तिकडची कंपनी."

"त्यांना फोन लाव की!"

"त्यांचा पण लागत नाय, चाची."

चाची आत गेल्या. सलीमला पाणी आणून दिलं. तो ग्लास खाली ठेवतोय तोवर म्हणाल्या, "मंग तू जाऊन ये, बाबा. तुज्याकडं शिडी हाय ना!"

सलीमनं हे ऑफिसात येऊन सांगितलं तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. मग एकेक करत थांबलो. कारण सलीमच्या बहिणीचा नवराही तिकडेच होता, आणि त्याचाही फोन लागत नव्हता.

आमच्या वहीत एक रकाना असतो, 'दोष कुठे'. एरवी मी लिहिते, खांबावर, मोडेममध्ये, वायर उंदरानं खाल्ली. त्या दिवशी दादांनी वही ओढून घेतली आणि तेवीस तक्रारींपुढे स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'परदेशात'.

पुढचा रकाना होता, 'कधी दुरुस्त होणार'. तो त्यांनी कोरा सोडला.

*

देशाचं नेट लढाईत टिकतं का, हा प्रश्न त्या आठवड्यात रोह्यापासून पेणपर्यंत सगळे विचारत होते. कोणी म्हणे, तिकडच्या सरकारनंच बंद केलं. कोणी म्हणे, समुद्रातली केबल तुटली. दादा गुरुवारी पेणच्या शाखेत जातात, मीही त्या दिवशी बरोबर होते. तिथे वीस-पंचवीस माणसं दादांची वाट बघत उभी! डॉक्टरनं ऑपरेशन करून बाहेर यावं आणि नातेवाइकांनी बघावं, तशी बघत होती.

दादा मूळचे केबल टीव्हीवाले. त्यांनी त्यांच्या परीनं समजावलं. "रोहा आणि अष्टमीमधे समजा एकच पूल आहे. तो पडला की संपलं. पण चार पूल असले तर एक पडला तरी माणूस लांबून का होईना, घरी पोचतो. नेटचं तसंच. ज्या देशाकडे बाहेर जायचे रस्ते जास्त, त्याचं नेट टिकतं. ज्याच्याकडे एक-दोनच, त्याचं जातं. नाहीतर रस्ते असून कोणी फाटक लावून टाकलं, तरी जातं."

धरमतरच्या खाडीकडचे धर्मानाना पुढे उभे होते. सत्तरी ओलांडलेले मच्छीमार, पुतण्या तिकडे बोटीवर कामाला. ते म्हणाले, "चारी पूल परले तरी होरी असतंय ना?"

"असते की, नाना. कुठेतरी एखादी होडी असतेच."

नाना थोडे सैलावले. मग म्हणाले, "आनि ती वायर म्हंतास ती खरंच समुद्राचे तलाला हाय?"

"हो. तळाशीच. मोठ्या बोटींचा नांगर पडला तरी तुटते कधीकधी."

नाना तसेच निघून गेले. मला वाटलं, पटलं नसेल म्हाताऱ्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नंदूचा मला फोन. "ताई, नाना आलेत. गावातले आठ होडीवाले घेऊन आलेत. दादांना विचारा म्हणतात, आपल्या खाडीतून कुठून वायर जाते ती खूण दाखवा."

"कशाला?"

फोन नानांनी घेतला. "आमी नांगर बगून टाकू गो. आमचेमुलं कोनाचा पोरगा तुटाया नको."

खाडीतून आमची वायर जात नाही. दादांनी तसं सांगितलं, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ हातातलं पेन उघडबंद करत बसले.

*

होडी आली ती आठव्या दिवशी. आणि आली कुठे, तर माझ्या तक्रारींच्या ईमेलवर!

आमचा एक ईमेल पत्ता आहे, फक्त तक्रारींसाठी. तिथे मेल आला की कॉम्प्युटर आपोआप उत्तर पाठवतो. त्या सकाळी साडेदहाला मेल दिसला. पाठवणारा प्रमोद, मूळचा पेणचा, आखातातल्या एका मोठ्या बांधकामावर साइट ऑफिसात कारकून. गेल्या वर्षी त्यानं तिकडून एक तक्रार केली होती, 'पेणला आमच्या आप्पांच्या घरी नेट दोन दिवस बंद आहे.' इतकीच आमची ओळख.

मेलमध्ये लिहिलं होतं, "इथे सगळं बंद आहे. आमच्या साहेबांकडे कंपनीच्या कामापुरती सॅटेलाइटची लाइन आहे. मला रोज एक छोटा मेल पाठवायची परवानगी मिळाली. घरच्या कोणाचाच ईमेल मला पाठ नाही, फक्त तुमचा पत्ता जुन्या मेलमध्ये सापडला. खालची माणसं आमच्या कँपात आहेत. घरी कळवाल का?"

खाली सतरा नावं. नाव, गाव, आणि प्रत्येकापुढे दोन शब्द, 'बरा आहे'. रोहा, अष्टमी, पेण, नागोठणे. सातवं नाव सलीमच्या भावजींचं.

मी "दादा!" अशी ओरडले की शेजारचा मेडिकलवाला धावत आला. सलीम तेव्हा खांबावर होता. त्याला खालूनच वाचून दाखवलं. तो वरच थांबला. खूप वेळ खाली उतरेना. शेवटी दादा म्हणाले, "राहू दे त्याला. खाली आला तर सगळ्यांसमोर रडावं लागेल."

पण हसू आलं ते दुसऱ्या दिवशी. आमच्या कॉम्प्युटरनं प्रमोदला आपलं ठरलेलं उत्तर पाठवून दिलं होतं, "आपली तक्रार नोंदवली आहे. चोवीस तासांत आपल्या पत्त्यावर माणूस पाठवत आहोत."

प्रमोदच्या दुसऱ्या मेलची पहिली ओळ होती, "कृपया माणूस पाठवू नका. इथे आधीच खूप अडकलेत!"

*

मग रोज अकरा वाजता यादी वाचायची असं ठरलं. पायरीवर, बाकावर, रिक्षांत, जिथे जागा मिळेल तिथे माणसं बसायची. मी दारात उभी राहून मोठ्यानं वाचायची. नंदू पेणला तेच वाचायचा. प्रमोद रोज फिरून नवी माणसं शोधायचा, कँप मोठा होता. यादी सतराची तेवीस झाली, मग तीस.

एके दिवशी वाचन चालू असताना आमच्या गावातले एक साहेब तणतणत आले. नेहमीचे ग्राहक, नाव नको. "मॅडम, चार दिवस सांगतोय, माझं नेट स्लो आहे! मॅच बघताना सारखं गोल फिरतं! तक्रार लिहून घ्या!"

"घेते. जरा एवढं वाचून होऊ दे."

ते उभे राहिले. मी वाचत होते. एकेक नाव आलं की कोणीतरी गर्दीतून "या अल्ला" म्हणायचं, कोणी "देवा रे" म्हणायचं, कोणी नुसतंच खाली बसायचं. आणि यादी संपल्यावर ज्यांच्या घरचं नाव आलं नाही ती माणसं, "बरं झालं, बाकीच्यांचा तरी कळला," म्हणत उठून जायची. ओरडत कोणी नव्हतं.

मी वही उघडली. "हं, साहेब. काय लिहू?"

"काही नको," ते म्हणाले. "माझं चालू आहे, मॅडम. स्लो आहे, पण चालू आहे."

*

प्रमोदचे आप्पा पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करतात. पन्नास वर्षं तेच काम. ते रोज अकराला नंदूकडे यायचे, मागे उभे राहून यादी ऐकायचे आणि जायचे. लोक त्यांच्या पाया पडायचे, "तुमच्या पोराचे उपकार हायत, आप्पा." आप्पा मान हलवायचे.

पाचव्या यादीच्या दिवशी नंदूनं मला फोन जोडून दिला. आप्पांचा आवाज अगदी शांत. "बाई, एक विचारायचं होतं. यादीत आमच्या प्रमोदचं नाव कुठंय?"

मला प्रश्नच कळेना. "अहो आप्पा, तोच तर लिहितो!"

"ते कळलं. पण त्याच्यापुढं 'बरा आहे' कुठं लिहिलंय?"

"तो लिहितोय म्हणजे बराच असेल ना!"

"तो लहानपणी पेरूच्या झाडावरून पडला होता. हात मोडला होता. तशा हातानं घरी येऊन धाकट्या बहिणीचं खरचटलेलं धुवत बसला. त्याचं आम्हाला संध्याकाळी कळलं." मग आप्पा म्हणाले, "दुसऱ्याचं बरं लिहिणारा बराच असतो असं नाही, बाई."

पाच दिवस मी ती यादी वाचत होते, आणि हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. आम्ही लगेच मेल पाठवला, 'तुमचं स्वतःचं लिहा. आप्पा विचारतात.'

नंदूनं सांगितलं, लढाई लागल्यापासून आप्पांनी डोळे आखणं बंद ठेवलं होतं. कारखान्यात यायचे, बसायचे, ब्रश धुवायचे आणि तसेच ठेवायचे. "हात स्थिर राहत नाही," म्हणायचे. मूर्ती रांगेत तशाच उभ्या होत्या, बिनडोळ्यांच्या.

दुसऱ्या दिवशी यादीच्या शेवटी नवी ओळ होती. "प्रमोद, पेण. पायाला काच लागली होती, सहा टाके पडले, आता चालतो. बरा आहे. आप्पांना सांगा, खरं लिहिलंय."

नंदूनं ते वाचलं. आप्पांनी परत वाचायला लावलं. 'सहा टाके' ऐकून म्हणाले, "हां. आता पटलं!"

आणि कारखान्यात गेले. संध्याकाळी नंदू घरी जाताना बघून आला. म्हणाला, "ताई, तीन गणपतींना दिसायला लागलं."

*

आमच्याकडे लढाई नव्हती. आमच्याकडे फक्त एक खोदाईचं मशीन होतं!

निडी गावाजवळ रस्त्याच्या कडेला चर खणणं चालू होतं. एका सकाळी दहा वाजता त्या मशीननं आमची फायबर उचलून तोडली. इथले मोबाइल टॉवरही तिच्यावरच चालतात, तेही गेले. अख्ख्या रोह्याचं नेट बंद, मोबाइल बंद. आणि साडेदहाला प्रमोदचा मेल यायचा!

सलीम आणि दादा जोडणीचं मशीन घेऊन निडीला निघाले, मीही मागे बसले. बघतो तर खड्ड्याभोवती माणसं. निडीच्या वंदनाताई सगळ्यांत पुढे. त्यांचा नवरा गजानन तिकडे क्रेन चालवतो, पण दुसऱ्या कंपनीत, दुसऱ्या गावात. त्याचं नाव आमच्या यादीत येणं शक्यच नव्हतं. तरी त्या रोज मला फोन करून अख्खी यादी ऐकायच्या.

फायबरमधली काच केसाएवढी असते. जोडताना धुळीचा एक कण बसला तरी सांधा वाया. आणि त्या दिवशी वारा असा, की शेतातली सगळी माती खड्ड्यात! सलीमनं दोनदा जोडलं, दोनदा फुकट गेलं.

वंदनाताई घरी पळाल्या आणि चादरी घेऊन आल्या. आठ-दहा बायका खड्ड्याच्या चारी बाजूंना चादरी ताणून उभ्या राहिल्या. वाऱ्यानं चादर सुटायला लागली की दातात धरायच्या! आत सलीम गुडघ्यावर बसलेला. सव्वा तास!

मशीन चालवणारा माणूस घाटावरचा. तो चराच्या कडेला डोकं धरून बसला होता. त्याला वाटलं, आता ही माणसं मारणार. कोणी त्याच्याकडे बघितलंही नाही. उलट एकीनं त्याला पाण्याची बाटली दिली.

बाराच्या पुढे कधीतरी सलीम म्हणाला, "लागला." माझ्या फोनवर मेल आला. मी तिथेच, खड्ड्याच्या काठावर उभी राहून यादी वाचली. चौतीस नावं.

तो मशीनवाला ऐकत होता. वाचून झाल्यावर उठून माझ्याकडे आला, हात जोडले. "बाई, चुकी झाली. जिमिनीखालनं येवढी मानसं बोलत जात्यात, मला काय ठावं!"

*

वंदनाताईंचं पुढचं सांगते. त्यांची लग्नापासूनची सवय, रोज दुपारी नवऱ्याला फोटो पाठवायचा, आज काय रांधलं त्याचा. तो मेसमध्ये जेवता जेवता बघायचा. नेट गेल्यावरही त्यांनी ते थांबवलं नाही. रोज एक फोटो, रोज एकच टिक. सासूबाई म्हणायच्या, "जात नाय तं धारतेस कशाला गो?" त्यावर यांचं उत्तर, "रांधते रोज, मग दाखवाया काय जाता?"

तेवीस दिवस, तेवीस फोटो. भाकरी, सुकटीची चटणी, वालाचं बिरडं, एक दिवस नुसती पेज. सगळ्यांखाली एकेक काडी.

चोविसाव्या दिवशी त्या बाजाराला रोह्याला आल्या होत्या. माझ्या काउंटरपुढे पिशवी ठेवून उभ्या. मी त्यांना पाणी देत होते, आणि त्यांचा फोन थरथरला. त्यांनी बघितलं आणि भिंतीला टेकल्या.

"मॅडम, काड्या दोन झाल्या."

आम्ही दोघी बघतोय तर एकेक टिक दोन होत वर चाललेली. पेज, बिरडं, चटणी, भाकरी. मग सगळ्या निळ्या. तिकडे कोणीतरी एकेक फोटो बघत होतं. पण कोण? फोन त्याचा, पण हात कोणाचा? वंदनाताईंनी माझं मनगट असं धरलं होतं की बांगडी रुतली. वर 'टायपिंग' आलं. गेलं. परत आलं.

आणि मेसेज आला, "बिरड्यात खोबरं कमी घातलंस. रंग बघ जरा!"

वंदनाताई बाजारात ऐकू जाईल अशा ओरडल्या, "नावं ठेवतोय! जिवंत हाय माझा नवरा! नावं ठेवतोय!"

त्या दिवशी तिकडचं नेट परत आलं. आम्ही काही केलं नव्हतं. तरी आठवडाभर ऑफिसात पोहे, पापड, शेवया, नारळ असं काय काय येत राहिलं. 'तुमच्यामुलं' म्हणत लोक ठेवून जायचे. दादा प्रत्येकाला सांगायचे, "अहो, आम्ही नाही केलं!" आणि लोक म्हणायचे, "व्हय व्हय, र्‍हाऊ द्या!" वंदनाताईंनी डबाभर बिरडं आणलं. त्यात वाल शोधावे लागत होते, एवढं खोबरं!

*

आता एक. हा मधल्याच दिवसांतला आहे, पण मुद्दाम मागे ठेवला.

अष्टमीत हलीमाचाचींच्या समोरच्या घरात रुकय्याचाची राहतात. त्यांच्याही मुलाचं नाव इरफान, तोही तिकडेच, आणि आडनावही एकच. दोघींचं भांडण कधीच नव्हतं. चढाओढ मात्र अशी, की विचारू नका! एकीच्या इरफाननं मोठा टीव्ही पाठवला की दुसरीच्या इरफानला त्याहून मोठा पाठवावा लागे. एकीनं पन्नासचं स्पीड घेतलं की दुसरीचा संध्याकाळी मला फोन, "मॅडम, मना शंभरचा करून द्या." दोघी एकमेकींना 'ती समोरची' म्हणायच्या.

यादी वाचायला दोघी यायच्या. पण वेगवेगळ्या रिक्षानं, आणि बसायच्या वेगवेगळ्या टोकांना. पहिल्या तीन याद्यांत एकही इरफान नव्हता.

चौथ्या यादीत आला. मी वाचून गेले, "इरफान, अष्टमी. बरा आहे." आणि मग थांबले.

पुढे काही नव्हतं. बापाचं नाव नाही, काही नाही. प्रमोद शब्द वाचवायचा. एकच ओळ, एकच इरफान.

पायरीवर दोन्ही बायका उभ्या राहिल्या होत्या. मी कागद परत बघितला, जणू त्यावर आणखी काही उगवणार होतं! मला वाटलं, आता दोघी म्हणतील, माझाच. आणि मग मी काय करू?

हलीमाचाची बोलल्या. त्या रुकय्याचाचींकडे बघून म्हणाल्या, "तुजाच असंल गो. तुजा ल्हान हाय."

रुकय्याचाचींनी मान हलवली. "नाय गो. तुजा असंल. तुज्या इरफानला सगले वलखतात, त्याचाच नाव आदी लिवतील."

"तुजा बापावेगला वाडला. अल्ला त्याला आदी बगंल."

"तू आदी येऊन बसतेस रोज. तुजाच."

त्या दोघी पायरीच्या दोन टोकांना उभ्या राहून एकमेकींना तो एक इरफान देत होत्या. सलीम तोंड फिरवून मोडेम पुसायला लागला. कोरा मोडेम होता, खोक्यातला.

दादांनी मेल पाठवला, 'कोणता इरफान?' पण उत्तर येणार दुसऱ्या दिवशी, साडेदहाला. मी घरी गेले, जेवायला बसले, उठले. एक दिवस किती मोठा असतो ते मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिस उघडायच्या आधी दोघी पायरीवर होत्या. एकाच रिक्षानं आलेल्या. मधे अंतर नव्हतं. साडेदहा झाले, मेल नाही. पावणेअकरा, नाही. अकराला पाच मिनिटं असताना आला. मी आधी मनात वाचला आणि मग मला मोठ्यानं वाचताच येईना. दादांनी कागद घेतला.

"दोघंही बरे आहेत. एकाच खोलीत राहतात, नाव एकच, म्हणून एका ओळीत बसवले. माफी असावी."

दोघी एकदम खाली बसल्या, एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून. सगळी पायरी रडत होती, दादासुद्धा.

मग रुकय्याचाचींनी डोकं वर केलं. "येकाच खोलीत? दोन वरसं झाली त्याला तितं जाऊन. मना कदी नाय बोलला!"

हलीमाचाचींनी डोळे पुसले. "मना पन नाय!"

"माजा बोलायचा, 'समोरचा कुटं असतो ठाव नाय.'"

"माजा पन तेच बोलायचा!"

दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि अशा हसायला लागल्या, की रुकय्याचाचींना ठसका लागला आणि हलीमाचाची त्यांची पाठ चोळत बसल्या.

दादांनी विचारलं, "चाची, उत्तर पाठवायचंय. एकच ओळ जाते. काय लिहू?"

हलीमाचाची म्हणाल्या, "लिव. हलीमा, रुकय्या, अष्टमी. बऱ्या हायत."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दोगींचा नाव येकाच ओलीत लिव हां!"